तीनशे रुपये भरले, आता फॉर्ममध्ये काय लिहू?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच एकत्र घेते आहे, कारण पाचांचाही पेच सारखाच आहे: दंड किंवा भरपाई लागली, पुढे काय? नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातल्या मुलाच्या हातात वेळ कमी आहे.

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे. २०२२ च्या दिवाळीत गावाबाहेरच्या शेडमध्ये आम्ही मित्र पैसे लावून तीन पत्ती खेळत होतो. पोलिसांची धाड पडली. जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) खाली गुन्हा दाखल झाला. काही महिन्यांनी कोर्टात बोलावलं. तिथे एक हवालदार म्हणाले, "कबूल म्हणा, तीनशे रुपये भरा आणि घरी जा. नाहीतर तारखा पडत राहतील." मी कबूल म्हटलं, पैसे भरले. पावतीही आता सापडत नाही. पोलीस भरतीत माझी निवड झाली आहे आणि साक्षांकन नमुना, म्हणजे पडताळणीसाठीचा फॉर्म, भरून द्यायचा आहे. त्यात कधी शिक्षा झाली होती का, असं विचारलंय. मित्र म्हणतात, "नुसता दंड झालाय, शिक्षा कुठे झालीय? 'नाही' लिही." घरचेही तेच म्हणतात. मॅडम, काय लिहू?

उत्तर : 'होय' लिहा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, एवढं आधी पक्कं करा.

तुमच्या मित्रांचं चुकतं ते इथे. दंड हीच शिक्षा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५३ मध्ये शिक्षेचे प्रकार दिले होते. फाशी, जन्मठेप, कारावास, मालमत्तेची जप्ती आणि शेवटी दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये त्यात सामाजिक सेवेची भर पडली, दंड होता तिथेच राहिला. तुम्ही 'कबूल' म्हणालात तेव्हा न्यायाधीशांनी तुम्हाला दोषी ठरवलं आणि शिक्षा म्हणून तीनशे रुपये सांगितले. कागदावर ती दोषसिद्धीच आहे. रक्कम तीनशे असो की तीन लाख, त्याने फरक पडत नाही.

किरकोळ प्रकरणांच्या दिवशी मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन बसलं की हे रोज दिसतं. पोरांची रांग. पुकारा होतो, नाव विचारतात, आरोप सांगतात, "गुन्हा कबूल आहे का?" मान डोलते. "बोला, तोंडाने बोला." "कबूल." पुढचा. मग नाझरच्या खिडकीवर पैसे, हातात पावती, आणि बाहेर येऊन मोटरसायकलला किक. सुटलो! आपल्यावर दोषसिद्धी नोंदली गेली हे त्यातल्या निम्म्यांच्या गावीही नसतं आणि सांगायला कुणी थांबत नाही. आरोपीने कबुली दिली तर ती शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी असं समन्स खटल्यांसाठी, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या खटल्यांसाठी, कायदा सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम २५२ होतं. याचा उपयोग तुम्हाला पुढे होऊ शकतो, त्यावर येतेच.

आता तो नमुना समोर ठेवा. फौजदारी प्रकरणांच्या रकान्यात एकच प्रश्न नसतो, ओळीने बरेच असतात. तुम्हाला कधी अटक झाली होती का? तुमच्यावर खटला भरला होता का? तुमच्याकडून बंधपत्र घेतलं होतं का? तुम्हाला दंड झाला होता का? न्यायालयाने दोषी ठरवलं होतं का? सध्या एखादं प्रकरण प्रलंबित आहे का? पाहा, दंड आणि दोषसिद्धी ही दोन वेगळी विचारलेली आहेत. म्हणजे "फक्त दंड झाला" ही पळवाट नमुना तयार करणाऱ्यांनी आधीच बंद करून ठेवली आहे. आणि नमुन्याच्या सुरुवातीलाच इशारा असतो: खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता ठरेल. पोरं तो इशारा वाचत नाहीत, थेट नाव लिहायला घेतात.

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं द्या. अटक झाली नसेल, नुसती नोटीस दिली असेल, तर अटकेपुढे 'नाही'च लिहा. घाबरून सगळीकडे 'होय' लिहू नका. तपशिलाच्या जागेत साधारण असं येऊ द्या: "महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, कलम १२ (अ), अमुक पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक अमुक, अमुक न्यायालयातील खटला क्रमांक अमुक. गुन्हा कबूल केल्यावरून रु. ३०० दंड, दंड भरला. निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे." एवढंच. हवालदार काय म्हणाले, मित्रांनी कसं नेलं, हे तिथे लिहू नका. सफाई देण्याची ती जागा नव्हे.

पावती हरवली तरी हरकत नाही. त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. निकाल, रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) आणि तुमची कबुली नोंदवलेला कागद, तिन्हींच्या प्रमाणित प्रती मागा. नक्कल वेळेत मिळाली नाही तर नमुन्यासोबत अर्जाची पोच जोडा आणि प्रत नंतर सादर करतो असं लिहा.

"पण पोलिसांना कळणार कसं?" असं तुमच्या घरचे म्हणत असतील. अहो, गुन्हा त्यांनीच नोंदवला होता. ठाण्यातल्या नोंदी सीसीटीएनएस या देशभराच्या संगणक जाळ्यावर जातात आणि तुमची चारित्र्य पडताळणी करणारं खातंही तेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल अशा सगळ्या प्रकरणांत आधाराला घेतला जातो. तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्यात सांगितलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. गुन्हा क्षुल्लक असेल, म्हणजे तरुणपणी घोषणाबाजी केल्यासारखा, आणि तो सांगितला असता तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर दडवणूकसुद्धा नियोक्ता आपल्या अधिकारात माफ करू शकतो. करू शकतो, करेलच असं नाही. आणि खरं सांगितलं तरी नेमणूक दिलीच पाहिजे असंही बंधन नाही, पूर्वचारित्र्य पाहून निर्णय घेण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो. पोलीस दल तर आणखी काटेकोर. २०१३ च्या मेहर सिंग प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की खटल्यातून सुटलेल्या उमेदवारालासुद्धा पोलीस दलाची छाननी समिती नाकारू शकते. म्हणजे खात्री मी देत नाही. पण 'होय' लिहून नाकारले गेलात, तर तुमच्याकडे दाद मागायला जागा आहे: गुन्हा किरकोळ, वय १९, माहिती स्वतःहून दिलेली. 'नाही' लिहून पकडले गेलात, तर तीनशे रुपयांच्या जुगाराबद्दल कुणी बोलणारच नाही, चर्चा फक्त खोटेपणाची होईल.

आता कोर्टातलं काम. तुमचा हा पहिलाच गुन्हा असेल, तर अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ च्या कलम ३ खाली नुसती ताकीद देऊन सोडता आलं असतं. दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड अशी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना ते कलम लागू होतं. याचा फायदा कलम १२ मध्ये आहे: कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. आणि कलम ११ नुसार हा लाभ अपिलात किंवा पुनरीक्षणात, म्हणजे वरचं कोर्ट निकाल तपासतं तेव्हाही, देता येतो. म्हणून सत्र न्यायालयात जाण्याचा विचार करा. कबुली दिलेल्याला अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल आणि कायदेशीरपणाबद्दल करता येतं, त्यामुळे अपील की पुनरीक्षण, हे नक्कल हातात आल्यावर तुमचे वकील ठरवतील. कबुली नीट नोंदवलीच नव्हती असं रोजनाम्यावरून दिसलं तर मुद्दा आणखी बळकट होईल. सत्र न्यायालयातल्या अपिलाची मुदत ३० दिवसांची, ती केव्हाच गेली. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत लागेल आणि त्यात कारण खरं द्यावं लागेल.

परिवीक्षेचा लाभ मिळाला तरी नमुन्यातलं 'होय' तसंच राहतं. १९९० च्या बक्षी राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कलम १२ ने दोषसिद्धी पुसली जात नाही. ठराविक वर्षं नीट वागलं की जुनी किरकोळ शिक्षा सांगण्यातून सुटका, असा कायदा इंग्लंडमध्ये १९७४ पासून आहे. आपल्याकडे प्रौढांसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. मला ही उणीव वाटते, पण माझ्या वाटण्याने तुमचा नमुना भरला जात नाही.

अपवाद एक. ज्या इतर वाचकांचं वय घटनेच्या वेळी १८ पूर्ण नव्हतं, त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ अपात्रता तर काढतंच, शिवाय अपिलाची मुदत उलटल्यावर अशा नोंदी नष्ट करण्याचीही त्यात तरतूद आहे. सोळा वर्षांवरच्या ज्या मुलांचा खटला बाल न्यायालयाने प्रौढांप्रमाणे चालवून निकाल दिला, त्यांना मात्र ती मिळत नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला फसवणुकीच्या गुन्ह्यात, जुन्या कलम ४२० खाली, तीन वर्षांची शिक्षा आणि २४,००० रुपये दंड झाला आहे. दंड न भरल्यास आणखी सहा महिने. तीन वर्षं पुढच्या महिन्यात पूर्ण होतील. आमच्याकडे जेमतेम १२,००० जमले आहेत. अर्धे पैसे घेतात का? खटला चालू असताना तो चार महिने आत होता, ते दिवस या सहा महिन्यांतून वजा होतील का?

उत्तर : ताई, अर्धे पैसे घेतात, आणि त्याचा हिशोबही कायद्यातच आहे. दंडाचा जेवढा भाग भरला तेवढ्या प्रमाणात दंडाऐवजीची कैद कमी होते. जुन्या संहितेत हे कलम ६९ होतं, नव्यात कलम ८ मध्ये आलं आहे. तुमच्या बाबतीत २४,००० ला सहा महिने, म्हणजे ४,००० ला एक महिना. बारा हजार भरलेत की तीन महिने उरतील. ते भोगत असताना मध्ये आणखी चार हजार जमले तर भरा, आणखी एक महिना कमी. सगळी रक्कम एकदम हवी असं कुणी सांगितलं असेल तर ते ऐकू नका.

खटल्याच्या काळातले चार महिने मात्र इथे धरले जाणार नाहीत. ते मूळ तीन वर्षांतून वजा होतात, आणि तसे झाले आहेत ना, हे कारागृहाच्या न्यायिक विभागात विचारून घ्या. दंडाऐवजीच्या कैदेला ती वजावट कायद्यानेच नाकारली आहे. तसंच निकालात दोन-तीन कलमांखाली वेगवेगळे दंड असतील तर त्यांच्या कैदा एकामागून एक मोजल्या जातात. "सर्व शिक्षा एकत्र भोगायच्या" हे वाक्य त्यांना लागू होत नाही, असा २०१८ चा शरद हिरू कोळंबे प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. म्हणून निकालपत्राचं शेवटचं पान काढा आणि दंडाची प्रत्येक ओळ पेन्सिलने खूण करून बेरीज करा. २४,००० हा आकडा तुम्ही एका ओळीवरून घेतला आहे की सगळ्या ओळी मिळून, हे पत्रावरून मला कळलं नाही.

पैसे कोर्टात भरा, पावती घ्या, आणि पावतीची माहिती कारागृहात पोचली का ते स्वतः जाऊन पाहा. कागद पोचला नाही म्हणून माणूस आत राहतो, असं व्हायला नको.

उरलेल्या बारा हजारांसाठी आणखी एक दार आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी मदत योजना आणली, त्यात शिक्षा झालेल्या कैद्याचा दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत देण्याची तरतूद आहे. भ्रष्टाचार, अमली पदार्थ, मनी लाँडरिंग आणि यूएपीएच्या (दहशतवादविरोधी कायद्याच्या) गुन्ह्यांना ती नाही, तुमच्या भावाचा गुन्हा या वगळलेल्यांत येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, कारागृह अधीक्षकांनाही एक प्रत द्या. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट लागत नाही, म्हणून फॉर्म भरायलाही कुणाला पैसे देऊ नका. १५१०० हा विधी सेवेचा मदत क्रमांक आहे.

हप्त्यांबद्दलही तुम्ही पत्रात खाली विचारलंय. दोन-तीन हप्ते, पहिला ३० दिवसांच्या आत, ही सोय फक्त दंडाचीच शिक्षा असते तेव्हा मिळते. तुमच्या भावाला कारावासही आहे, त्यामुळे ती नाही.

जाता जाता इतरांसाठी: ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे, त्यात दंड न भरल्यास जुन्या कायद्याने जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद होती. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांसाठी पाच हजारांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार महिने आणि त्यावर एक वर्षापर्यंत, अशी मर्यादा आहे.

प्रश्न : चेक बाउन्सच्या केसमध्ये मला चार लाख रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितली आहे, न दिल्यास तीन महिने कैद. धंदा बसलाय. तीन महिने आत राहून येतो म्हटलं, म्हणजे चार लाख सुटतील. बरोबर ना?

उत्तर : नाही. तीन महिनेही जातील आणि चार लाखही डोक्यावर राहतील. साध्या दंडाच्या बाबतीत दंडाऐवजीची कैद पूर्ण भोगली की वसुलीचं वॉरंट सहसा निघत नाही, काढायचंच तर न्यायालयाला खास कारणं लिहावी लागतात. पण भरपाईला हे संरक्षण नाही. २०१७ च्या कुमारन विरुद्ध केरळ राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं, आणि तेही चेकच्याच प्रकरणात. वसुली जंगम मालमत्तेच्या जप्तीने होते किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. शेत नावावर असेल तर याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

त्यापेक्षा समोरच्याशी बोला. चेकचा गुन्हा कोणत्याही टप्प्यावर तडजोडीने मिटवता येतो, अपिलातसुद्धा, फक्त जितका उशीर तितका खर्च जास्त लावला जातो. आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा होतो. आजच्या पाच पत्रांपैकी दोषसिद्धी खरोखर निघून जाण्याचा रस्ता तुमच्याच समोर सर्वांत मोकळा आहे, आणि तुम्ही निघालात तुरुंगाकडे. अपील करणार असाल तर भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगितली जाते, तेवढी तयारी ठेवा. तडजोडीची बोलणी त्याच रकमेपासून सुरू करता येतील.

प्रश्न : मुलाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टाने १०,००० रुपये दंड केला. त्याला परदेशात नोकरी मिळतेय. पासपोर्ट अडेल का?

उत्तर : या कारणावरून अडू नये. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६ मध्ये नकाराचं जे कारण आहे ते असं: अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात, किमान दोन वर्षं कारावास. तुमच्या मुलाला कारावासच झालेला नाही. खटला प्रलंबित असता तर उलट अडचण जास्त होती, तेव्हा कोर्टाची परवानगी आणावी लागते. व्हिसाचा फॉर्म ही वेगळी गोष्ट आहे, तो त्या त्या देशाचा कायदा पाहतो. तिथे दोषसिद्धीबद्दल विचारलं असेल तर मुलाला निकालाची प्रत जोडून खरं लिहायला सांगा. आणि त्याला एवढं बजावा की तोच गुन्हा दुसऱ्यांदा झाला तर दोन वर्षांपर्यंत कारावास आहे, शिवाय लायसन्स जाऊ शकतं.

प्रश्न : माझ्या स्कूटरवर सात ई-चलान थकली आहेत. मी गुन्हेगार ठरले का? सरकारी परीक्षेचा फॉर्म भरायचाय.

उत्तर : अजून नाही. चलान हा आरोप आहे. ते ऑनलाइन भरलंत की मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड होते आणि त्या गुन्ह्यावर पुढे कारवाई होत नाही, दोषसिद्धीही नोंदली जात नाही. तसंच पडू दिलंत तर कोर्टात जाईल, आणि तिथे 'कबूल' म्हटलंत तर पहिल्या पत्रातल्या मुलाला दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू होईल. आधी सातही चलानांची सद्यस्थिती पाहा. जी अजून कोर्टात गेलेली नाहीत ती आजच भरा. जी गेली आहेत त्यांच्यासाठी राष्ट्रीय लोकअदालतीची पुढची तारीख विचारा, तिथेही तडजोडच होते.